लघवीतील ऑक्झलेटचे मापन: बाटलीपासून अहवालापर्यंत

मुतखड्याच्या रुग्णाची चोवीस तासांची लघवी प्रयोगशाळेत येते, तंत्रज्ञ तिचे आकारमान मोजतो, वरच्या स्वच्छ भागातून दहा मिलिलिटर नळीत घेतो आणि उरलेली ओतून देतो. ऑक्झलेटच्या तपासणीतील सर्वांत मोठी चूक एवढ्यातच होऊन गेलेली असते. बाटलीच्या तळाशी जो फिकट थर बसलेला होता त्यात कॅल्शियम ऑक्झलेटचे स्फटिक होते; जे मोजायचे तेच मोरीत गेले, आणि त्यानंतर कितीही चांगले यंत्र वापरले तरी आकडा कमीच येणार. म्हणून ही मार्गदर्शिका मी यंत्रापासून नव्हे, बाटलीपासून सुरू करतो.

ऑक्झलेट हे दोन कार्बन अणूंचे लहानसे सेंद्रिय आम्ल आहे. त्याचा मोठा वाटा यकृतात तयार होतो आणि उरलेला आहारातून येतो. माणसाच्या शरीरात ते मोडणारे विकर (एन्झाइम) नसल्यामुळे ते मुख्यतः मूत्रपिंडांवाटेच बाहेर पडते. प्रौढ व्यक्तीच्या चोवीस तासांच्या लघवीत ते साधारणपणे ०.५ मिलिमोलच्या, म्हणजे सुमारे ४५ मिलिग्रॅमच्या आत असते. लघवीतील कॅल्शियम मोलच्या हिशेबाने याच्या अनेक पट असते, त्यामुळे ऑक्झलेटची थोडीशी वाढही स्फटिक बनण्यास पुरते, आणि बहुसंख्य मुतखडे कॅल्शियम ऑक्झलेटचेच असतात. इतक्या लहान राशीचे मापन करताना ती दोन विरुद्ध दिशांनी फसवते, हे आधी मनात पक्के करावे. कॅल्शियमबरोबर तळाशी बसली की उत्तर खोटे कमी येते. आणि लघवी अल्कधर्मी झाली की तिच्यातील क जीवनसत्त्व, म्हणजे ॲस्कॉर्बिक आम्ल, कोणत्याही विकराशिवाय आपोआप ऑक्झलेटमध्ये बदलू लागते व उत्तर खोटे जास्त येते. या दोन्हींवर उपाय एकच आहे: लघवी आम्लयुक्त ठेवणे. पीएच (आम्लतेचे माप; आकडा जितका कमी तितके आम्ल जास्त) २ च्या खाली स्फटिक विरघळतात आणि ॲस्कॉर्बिक आम्लाचे रूपांतर थांबते.

रुग्णाला काय सांगावे

नमुना कसा गोळा करायचा हे रुग्णाला तोंडी आणि लेखी, दोन्ही प्रकारे सांगावे, कारण एकदा ऐकून घरी गेलेला माणूस बहुधा पहिल्याच पायरीवर चुकतो. सकाळी ठरलेल्या वेळी, समजा सहा वाजता, लघवी करून ती टाकून द्यायची. त्यानंतरची प्रत्येक लघवी दुसऱ्या दिवशी सहा वाजेपर्यंत जमवायची. आणि त्या दिवशीची सहा वाजताची लघवी मात्र बाटलीत घ्यायची. शौचाच्या वेळची लघवी वाया जाते, तेव्हा शौचाला बसण्यापूर्वी लघवी वेगळी घ्यायला सांगावे. एखादी वेळ चुकली तर ती लपवू नये, तसे कळवावे आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा सुरुवात करावी, हेही आपुलकीने सांगावे. ओशाळलेला रुग्ण अपुरी बाटलीच घेऊन येतो.

आहाराबद्दल उलट्या बाजूची चूक घडते. तपासणी आहे म्हटल्यावर घरचे लोक पालक, चुका, अळू, बीट, शेंगदाणे, चहा सगळे बंद करून टाकतात आणि मग जो आकडा येतो तो त्या रुग्णाच्या रोजच्या जगण्याचा नसतो. शंभर ग्रॅम पालकात शेकडो मिलिग्रॅम ऑक्झलेट असू शकते. अळूच्या वडीने घसा खवखवतो तो त्या पानातील कॅल्शियम ऑक्झलेटच्या सुईसारख्या स्फटिकांमुळे. अशा पदार्थांचा परिणाम पाहायचाच असेल तर रुग्णाने नेहमीचे जेवण चालू ठेवून त्या दिवशी काय खाल्ले हे कागदावर लिहून द्यावे. बंद करायच्या त्या क जीवनसत्त्वाच्या गोळ्या, उपचार करणाऱ्या डॉक्टरांना विचारून, निदान दोन दिवस आधी. सर्दीसाठी सहज चघळल्या जाणाऱ्या गोळ्या आणि पाण्यात विरघळवून घ्यायच्या फेसाळ गोळ्या यांचे नाव घेऊन विचारावे, कारण त्यांना लोक औषध मानत नाहीत.

बाटली आणि आम्ल

तीन लिटर मावेल असा स्वच्छ प्लॅस्टिकचा कॅन घ्यावा आणि त्यात ६ मोलर हायड्रोक्लोरिक आम्ल २० ते ३० मिलिलिटर आधीच घालून द्यावे. बाजारातील तीव्र हायड्रोक्लोरिक आम्ल सुमारे १२ मोलर असते, म्हणून ते समप्रमाणात पातळ केले की काम भागते. मात्र आम्ल पाण्यात ओतावे, पाणी आम्लात कधीही नाही, आणि हे काम धूर ओढून घेणाऱ्या कपाटात, हातमोजे व चष्मा घालूनच करावे. कॅनवर मोठ्या मराठी अक्षरांत ‘आत आम्ल आहे, थेट लघवी करू नये, मुलांपासून दूर ठेवावे’ असे लिहावे आणि लघवी आधी वेगळ्या मगात घेऊन हलकेच ओतावी असे बजावावे. घरात लहान मूल असेल किंवा रुग्णाचा हात थरथरत असेल तर मी आम्लाचा कॅन घरी देत नाही. अशा वेळी रिकामा कॅन द्यावा, तो पूर्ण वेळ फ्रिजमध्ये किंवा बर्फाच्या पेटीत ठेवायला सांगावा आणि प्रयोगशाळेत येताच संपूर्ण कॅनमध्ये आम्ल घालावे. विदर्भ-मराठवाड्यातील उन्हाळ्यात बाहेर ठेवलेल्या लघवीत जंतू झपाट्याने वाढतात. युरिया फोडणारे जंतू असतील तर लघवी काही तासांतच अल्कधर्मी होते, आणि मग वर सांगितलेले क जीवनसत्त्वाचे रूपांतर सुरू होते.

एक अडचण इथेच सोडवून ठेवावी. मुतखड्याच्या तपासणीत युरिक आम्लही बहुधा मागितलेले असते, आणि ते आम्लयुक्त लघवीत खाली बसते. एकाच आम्लाच्या कॅनमधून दोन्ही मोजणे चुकीचे आहे. एक तर दोन वेगळ्या दिवशी दोन नमुने घ्यावेत, किंवा आम्ल न घातलेला थंड नमुना आल्यावर तो खोलीच्या तापमानाला आणून, जोरात हलवून, तळाचा थर पूर्ण मिसळला असताना युरिक आम्लासाठीचा भाग आधी बाजूला काढावा आणि उरलेल्यात आम्ल घालावे.

नमुना आल्यावर

कॅन आला की पीएचची पट्टी बुडवून पाहावी आणि पीएच २ च्या वर असेल तर आम्ल थेंबाथेंबाने वाढवावे. मग कॅन बंद करून अनेकदा उलटसुलट करावा, काही वेळ राहू द्यावा आणि तळ उजेडात धरून पाहावा. स्फटिक दिसत असतील तर कोमट पाण्याच्या भांड्यात ठेवून पुन्हा हलवावे. आकारमान मोजताना त्यात घातलेले आम्लही धरावे, कारण आपण जी संहती, म्हणजे लिटरमागची मात्रा, मोजणार आहोत ती आम्ल मिसळलेल्या द्रवाची आहे. आम्लाचे मिलिलिटर वजा करणे हा दिसायला चोख, पण चुकीचा हिशेब आहे.

लघवी पूर्ण जमली की नाही हे कळण्यासाठी त्याच नमुन्यात क्रिएटिनिन, म्हणजे स्नायूंतून रोज जवळपास ठरावीक मात्रेत येणारे टाकाऊ द्रव्य, अवश्य मोजावे. प्रौढ पुरुष दिवसाला वजनाच्या किलोमागे साधारण २० ते २५ मिलिग्रॅम आणि स्त्री १५ ते २० मिलिग्रॅम क्रिएटिनिन टाकते. साठ किलोच्या पुरुषाच्या नमुन्यात जर ते ६०० मिलिग्रॅमच निघाले, तर अर्धीच लघवी जमली आहे असे समजावे आणि ऑक्झलेटचा आकडा देण्याऐवजी नमुना पुन्हा मागवावा. वृद्ध आणि कृश रुग्णांत हे प्रमाण कमी असते, तेव्हा तिथे तारतम्य ठेवावे. सर्व काही ठीक असेल तर दहा-दहा मिलिलिटरच्या तीन नळ्या भराव्यात, एक कामाला घ्यावी आणि दोन उणे २० अंशांना गोठवाव्यात.

विकरपद्धती: बहुतेक प्रयोगशाळांना झेपणारी

रोजच्या कामासाठी मी ऑक्झलेट ऑक्सिडेज या विकरावर आधारलेली पद्धत सुचवतो. हे विकर बार्लीच्या कोंभांतून मिळवले जाते. ज्वारीच्या पानांतही ते सापडते, आणि रोहतकच्या महर्षी दयानंद विद्यापीठात सीएसएच-५ या संकरित ज्वारीच्या पानांतून ते शुद्ध करून लघवीतील ऑक्झलेट मोजण्यासाठी वापरण्याचे काम झाले आहे. आपल्या शेतातल्या धाटाची ही ओळख मला नेहमीच मोलाची वाटते. विकर ऑक्झलेटचे ऑक्सिडीकरण करून कार्बन डायऑक्साइड आणि हायड्रोजन पेरॉक्साइड तयार करते, आणि ते पेरॉक्साइड पेरॉक्सिडेज या दुसऱ्या विकराच्या साहाय्याने दोन रंगद्रव्यपूर्व पदार्थांना जोडून निळा रंग देते. तो रंग ५९० नॅनोमीटरला मोजला जातो. जितके ऑक्झलेट तितका गडद रंग, इतके हे सरळ आहे. पण याच सरळ साखळीत क जीवनसत्त्व पुन्हा आडवे येते. ॲस्कॉर्बिक आम्ल तयार झालेले पेरॉक्साइडच खाऊन टाकते, रंग उमटत नाही आणि उत्तर कमी येते. म्हणजे बाटलीत जो पदार्थ ऑक्झलेट वाढवतो, तोच क्युवेटमध्ये (रंग मोजायच्या पात्रात) ते लपवतो. या पद्धतीत नमुन्याचे शुद्धीकरण टाळता येत नाही ते यासाठी.

आधी प्रमाणद्रावण तयार करावे. सोडियम ऑक्झलेट १०५ अंशांना वाळवून, कोरड्या पात्रात थंड करून, त्याचे १३४.० मिलिग्रॅम अचूक तोलावे आणि पाण्यात विरघळवून १०० मिलिलिटर करावे; हे १० मिलिमोल प्रति लिटर झाले. यातील २.५, ५ आणि १० मिलिलिटर घेऊन प्रत्येकी १०० मिलिलिटर केले की ०.२५, ०.५ आणि १.० मिलिमोलची तीन प्रमाणे मिळतात. किटबरोबर एकच प्रमाणद्रावण येत असले तरी स्वतःची तीन ठेवावीत, कारण रंग सरळ रेषेत वाढतो की नाही हे एका बिंदूवरून कळत नाही.

आता नमुना. आम्लयुक्त लघवी ईडीटीए हे रसायन असलेल्या विरलकात (पातळ करणाऱ्या द्रावणात) समप्रमाणात मिसळावी आणि पीएच ५ ते ७ दरम्यान आणावा. तीव्र आम्ल तसेच राहिले तर अभिकर्मकातील (चाचणीच्या रसायनातील) बफर, म्हणजे पीएच स्थिर ठेवणारा घटक, ते सोसू शकत नाही आणि विकर मंदावते. पण नुसता सोडा घालून पीएच वाढवला तर आम्लाने विरघळवलेले कॅल्शियम ऑक्झलेट पुन्हा खाली बसेल. ईडीटीए कॅल्शियमला धरून ठेवतो तो इथे उपयोगी पडतो, म्हणून विरलक आधी आणि पीएच नंतर हा क्रम मोडू नये. यानंतर नमुना सक्रिय कोळशाच्या नळीत घालून पाच मिनिटे अधूनमधून हलवावा आणि सेंट्रिफ्यूज करावा. कोळसा ॲस्कॉर्बिक आम्ल आणि लघवीतील रंगीत पदार्थ शोषून घेतो. वरचा द्रव पाण्यासारखा नितळ दिसला पाहिजे. काळसर कण दिसले तर पुन्हा सेंट्रिफ्यूज करावे, कारण ते कण प्रकाश अडवतात. काही किटमध्ये कोळशाऐवजी ॲस्कॉर्बेट ऑक्सिडेज हे विकर किंवा सोडियम नायट्राइट वापरलेले असते, तत्त्व तेच.

नळीत पहिला अभिकर्मक १ मिलिलिटर घ्यावा, त्यात शुद्ध केलेला नमुना ५० मायक्रोलिटर घालावा, मग विकराचा अभिकर्मक १०० मायक्रोलिटर घालून ३७ अंशांना पाच मिनिटे ठेवावे आणि वाचन घ्यावे. किटनुसार या मात्रा बदलतात, तेव्हा सोबतचा कागद प्रमाण मानावा. ब्लँकसाठी (ऑक्झलेट नसलेल्या तुलनेच्या वाचनासाठी) पाणी आणि प्रमाणद्रावणेही त्याच विरलकातून आणि त्याच कोळशातून न्यावीत, म्हणजे विरलनाचा गुणक दोन्हीकडे सारखाच राहतो.

ऑक्झलेट डीकार्बोक्सिलेज हे बुरशीपासून मिळणारे विकर वापरणारी पद्धतही आहे. त्यात ऑक्झलेटपासून फॉर्मेट बनते, दुसरे विकर त्याचे ऑक्सिडीकरण करते आणि तयार झालेले एनएडीएच हे संयुग ३४० नॅनोमीटरला मोजतात. पेरॉक्साइडचा टप्पाच नसल्याने ॲस्कॉर्बिक आम्लाचा तो अडथळा इथे येत नाही.

परमँगनेटचे अनुमापन

किट परवडत नाही किंवा मिळत नाही तिथे जुनी पद्धत अजूनही करता येते, पण तिची मर्यादा ओळखूनच. आम्लयुक्त लघवी २५ मिलिलिटर घेऊन गाळावी, अमोनियाने उदासीन करावी, ॲसेटिक आम्लाने पीएच ५ च्या आसपास आणून कॅल्शियम क्लोराइड घालावे आणि रात्रभर थंड जागी ठेवावे. सकाळी सेंट्रिफ्यूज करून वरचा द्रव काढावा, थर अगदी थोड्या थंड विरल अमोनियाने धुवावा, विरल गंधकाम्लात विरघळवावा, ७० अंशांपर्यंत तापवावा आणि ०.०१ नॉर्मल पोटॅशियम परमँगनेट ब्युरेटमधून सोडत अर्धा मिनिट टिकणारी फिकी गुलाबी छटा येईपर्यंत अनुमापन करावे. पहिले काही थेंब रंग सोडायला वेळ लावतात. तयार होणारे मँगनीजचे आयन अभिक्रियेला स्वतःच गती देतात, तेव्हा सुरुवातीला घाई करू नये. या परमँगनेटचा १ मिलिलिटर ०.४५ मिलिग्रॅम ऑक्झॅलिक आम्लाइतका असतो.

आता हिशेब पाहा. दीड लिटर लघवीत ४० मिलिग्रॅम असेल तर २५ मिलिलिटरमध्ये ०.६७ मिलिग्रॅम येते, म्हणजे ब्युरेटवर जेमतेम दीड मिलिलिटर. एक थेंब ०.०५ मिलिलिटरचा धरला तर एका थेंबाची चूक दिवसाच्या आकड्यात सुमारे १.३५ मिलिग्रॅमची होते. शिवाय कॅल्शियम ऑक्झलेट लिटरमागे सहा-सात मिलिग्रॅम इतके तरी पाण्यात विरघळतेच, म्हणून दहा मिलिलिटर पाण्याने सढळ हाताने धुतले तर पाच-सहा टक्के माल वाहून जातो. उलट कमी धुतले तर सोबत अडकलेले इतर सेंद्रिय पदार्थ परमँगनेट खातात आणि उत्तर फुगते. सरावलेल्या हाताला ही पद्धत स्पष्टपणे वाढलेले ऑक्झलेट दाखवून देते, ०.४५ आणि ०.५५ मिलिमोल यांतला निवाडा तिच्यावर सोपवू नये. याच अवक्षेपाला जस्ताने ग्लायकोलिक आम्लात बदलून क्रोमोट्रॉपिक आम्लाच्या रंगाने मोजण्याची पद्धत १९७२ मध्ये मांडली गेली. ती अधिक विशिष्ट आहे, पण तीव्र गंधकाम्ल तापवावे लागत असल्याने लहान प्रयोगशाळेने तिच्या वाटेला जाऊ नये असे माझे मत आहे.

आयन वर्णलेखन आणि वस्तुमान वर्णपटमापन

मोठ्या संदर्भ प्रयोगशाळांत आयन क्रोमॅटोग्राफ असतो. त्याच्या स्तंभात ऋण आयन एकमेकांपासून सुटे होतात आणि वाहकतेवरून त्यांचे मापन होते. लघवीत क्लोराइड, फॉस्फेट आणि सल्फेट यांची शिखरे प्रचंड असतात आणि ऑक्झलेटचे शिखर त्यांच्या मानाने बारीक, त्यामुळे नमुना भरपूर विरल करावा आणि सल्फेटचे शिखर त्याला चिकटत नाही हे पाहावे. वाहक द्रव अल्कधर्मी असतो ही इथली मेख आहे: ॲस्कॉर्बिक आम्ल स्तंभातच ऑक्झलेट होऊ शकते. त्यावर उपाय म्हणून नमुना बोरिक आम्लात विरल करतात.

सर्वांत विश्वसनीय म्हणजे द्रव वर्णलेखनाला जोडलेले दुहेरी वस्तुमान वर्णपटमापन. त्यात मोजमापापूर्वीच ठरलेल्या मात्रेत कार्बन-१३ ने खूण केलेले ऑक्झलेट नमुन्यात मिसळतात. साधे ऑक्झलेट ८९ वस्तुमानाचा आयन देऊन ६१ मध्ये फुटते आणि खुणेचे ९१ मधून ६२ मध्ये. शुद्धीकरणात जितके साधे हरवेल तितकेच खुणेचेही हरवते, म्हणून दोहोंचे गुणोत्तर खरे उत्तर सांगते. मात्र ही खूण बाटलीत बसून गेलेला थर परत आणत नाही; ती मिसळण्याआधी जे गेले ते गेलेच.

पडताळणी आणि आकडा

दररोज दोन पातळ्यांचे कंट्रोल, म्हणजे उत्तर आधीच माहीत असलेले नमुने, लावावेत, एक नेहमीच्या मर्यादेतला आणि एक वाढलेला, आणि त्यांचा आलेख ठेवावा. त्याखेरीज महिन्यातून एकदा पुनर्प्राप्ती, म्हणजे मुद्दाम घातलेले ऑक्झलेट मापनात किती परत मिळते ते, तपासावी. १९ मिलिलिटर लघवीत १० मिलिमोलचे प्रमाणद्रावण १ मिलिलिटर घातले की ०.५ मिलिमोल प्रति लिटरची भर पडते. मूळ लघवी ०.३० असेल तर विरलनानंतर तिचे ०.२८५ उरते, म्हणून अपेक्षित उत्तर ०.७८५. प्रत्यक्षात ०.७४ मिळाले तर ९१ टक्के पुनर्प्राप्ती झाली, जी चालेल; ८० टक्के मिळाली तर कोळसा, पीएच आणि विकराची मुदत या क्रमाने दोष शोधावा. तसेच एका नमुन्यात मुद्दाम थोडे ॲस्कॉर्बिक आम्ल घालून उत्तर हलते का ते पाहावे. शुद्धीकरण नीट चालले आहे याचा एवढा थेट पुरावा दुसरा नाही.

नमुन्याच्या वाचनातून ब्लँक वजा करून त्याला प्रमाणद्रावणाच्या तशाच वजा केलेल्या वाचनाने भागावे, प्रमाणाच्या संहतीने गुणावे आणि मग लिटरमधील आकारमानाने गुणावे. ०.३१ मिलिमोल प्रति लिटर आणि १.८ लिटर असतील तर दिवसाचे ०.५६ मिलिमोल होतात. मिलिग्रॅममध्ये देताना ९० ने गुणले तर ऑक्झॅलिक आम्लाचे ५० मिलिग्रॅम आणि ८८ ने गुणले तर ऑक्झलेटचे ४९. कोणते लिहिले हे अहवालात स्पष्ट असावे. मुलांचा आकडा शरीराच्या १.७३ चौरस मीटर पृष्ठभागावर आणूनच वाचावा: ०.८ चौरस मीटरच्या मुलाचे ०.४० मिलिमोल दिसायला निरुपद्रवी असतात, पण रूपांतरानंतर ते ०.८७ होतात. तान्ह्या बाळांत चोवीस तासांचा नमुना शक्य नसतो, तेव्हा एका वेळच्या आम्लयुक्त लघवीतील ऑक्झलेट व क्रिएटिनिनचे गुणोत्तर काढावे आणि ते वयानुसार दिलेल्या मर्यादांशीच ताडून पाहावे, कारण पहिल्या वर्षी ते मोठ्यांपेक्षा बरेच जास्त असते.

१.७३ चौरस मीटरमागे १ मिलिमोलच्या वरचा आकडा आला तर डॉक्टरांना त्याच दिवशी फोन करावा. जन्मजात प्राथमिक हायपरऑक्झल्युरिया हा मूत्रपिंडे निकामी करणारा आजार या पातळीवर लक्षात घ्यावा लागतो, तसेच आतड्याचे आजार किंवा शस्त्रक्रिया यांचीही चौकशी करावी लागते. मूत्रपिंडे आधीच दुबळी झालेल्या रुग्णात मात्र ऑक्झलेट लघवीत उतरतच नाही, रक्तात साचते. अशा वेळी लघवीचा नेहमीच्या मर्यादेतला आकडा दिलासा देणारा मानू नये आणि रक्तद्रवातील ऑक्झलेट मोजण्याची सूचना अहवालात करावी.

अहवालावर ऑक्झलेटबरोबर एकूण आकारमान, क्रिएटिनिन, आल्यावेळचा पीएच, आम्ल घरी घातले की प्रयोगशाळेत, आणि पद्धतीचे नाव लिहावे. एकाच नमुन्यावर निदान ठरवू नये. निदान दोन वेगळ्या दिवसांचे नमुने असावेत आणि शक्यतो एकाच पद्धतीने मोजलेले असावेत. दुसरा नमुना येईपर्यंत पहिल्याची गोठवलेली नळी जपून ठेवावी, म्हणजे दोन्ही एकाच दिवशी शेजारी-शेजारी लावता येतात. ती बाहेर काढल्यावर पूर्ण वितळू द्यावी, अनेकदा उलटसुलट करावी आणि तळाशी काही बसलेले नाही हे उजेडात धरून पाहिल्यानंतरच तिच्यात पिपेट बुडवावे.